निगेटिव्ह अहवालांच्या आड: बेथेस्डा येथील २०११ची क्लेबसिएला साथ

पार्श्वभूमी

अमेरिकेतील मेरिलँड राज्यात बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे, म्हणजे एनआयएचचे, स्वतःचे संशोधन रुग्णालय आहे. क्लिनिकल सेंटर या नावाने ते ओळखले जाते आणि या प्रकरणाच्या काळात तेथे २४३ खाटा होत्या. येथे अपघात विभाग नाही आणि रस्त्यावरून थेट कोणी रुग्ण येत नाही. एखाद्या संशोधन-अभ्यासात नाव नोंदवलेले रुग्णच दाखल होतात. त्यामुळे येथील बहुतेकांना दुर्मीळ किंवा हाताबाहेर गेलेले आजार असतात, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, प्रतिकारशक्ती जवळजवळ उरलेली नाही असे रुग्ण मोठ्या संख्येने एकाच छताखाली असतात. मनुष्यबळ, प्रयोगशाळा आणि पैसा या तिन्ही बाबतींत हे रुग्णालय जगातल्या सुदैवी रुग्णालयांपैकी आहे. हे प्रकरण वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी, कारण येथे जे घडले ते साधनांच्या तुटवड्यामुळे घडले, असे म्हणायला जागा नाही.

प्रकरणातला जीवाणू म्हणजे क्लेबसिएला न्यूमोनिए. निरोगी माणसाच्या आतड्यात तो काहीही त्रास न देता राहतो. रुग्ण दुबळा असेल, शरीरात नळ्या घातलेल्या असतील, तर तोच फुप्फुसात, मूत्रमार्गात किंवा रक्तात शिरून जीव घेऊ शकतो. अशा गंभीर संसर्गावर कार्बापेनेम गटातली प्रतिजैविके हा दीर्घकाळ भरवशाचा उपाय होता. या औषधांचा नाश करणारे केपीसी नावाचे विकर तयार करणारी क्लेबसिएला प्रथम अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात १९९६ साली घेतलेल्या नमुन्यात सापडली आणि २००१ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध झाली. पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्क शहरातल्या रुग्णालयांत तिने चांगलाच जम बसवला. तिच्यावर उरलेल्या मोजक्या औषधांपैकी कोलिस्टिन हे एक. ते जुने आहे आणि मूत्रपिंडाला इजा करू शकते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण सगळे प्रकरण तिच्याभोवती फिरते. शरीरात हा जीवाणू असणे आणि त्याचा आजार होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. ज्याच्या आतड्यात किंवा त्वचेवर तो आहे, पण ज्याला ताप नाही, कफ नाही, रक्तात काही नाही, असा माणूस वाहक असतो. आजाराची शंका आली म्हणून डॉक्टर जे नमुने पाठवतात, त्यांतून हे वाहक दिसत नाहीत. त्यांना शोधायचे तर लक्षणे नसलेल्या रुग्णांचेही स्वॅब मुद्दाम घ्यावे लागतात. त्यालाच रुग्णालयाच्या भाषेत स्क्रीनिंग म्हणतात. वाहक ओळखल्याने त्याच्या स्वतःच्या उपचारात लगेच फारसा फरक पडतोच असे नाही, कारण आतड्यातून हा जीवाणू खात्रीने घालवणारा उपाय नाही. फायदा होतो तो शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा.

पहिला रुग्ण

१३ जून २०११ रोजी न्यूयॉर्क शहरातील एका रुग्णालयातून चाळिशीतल्या एका महिलेला क्लिनिकल सेंटरमध्ये हलवण्यात आले. तिचे फुप्फुस प्रत्यारोपण झालेले होते आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीने ती त्रस्त होती. तिच्या शरीरात बहुऔषधप्रतिरोधक क्लेबसिएला असल्याचे आधीच्या रुग्णालयाच्या कागदपत्रांतून कळले. म्हणजे धोका कोणत्या दाराने आला, तो कोणत्या दिवशी आला आणि त्याचे नाव काय, हे सारे रुग्णालयाला आरंभापासून माहीत होते. साथींच्या इतिहासात अशी सोय क्वचितच मिळते.

रुग्णालयाने हयगय केली नाही. तिला स्वतंत्र खोलीत ठेवण्यात आले, खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला गाऊन व हातमोजे सक्तीचे झाले, तिच्यासाठीची उपकरणे वेगळी काढण्यात आली. अतिदक्षता विभागातला तिचा मुक्काम थोड्या काळाचा होता. बहुतेक दिवस ती त्या विभागाबाहेरच्या खोलीतच होती. अतिदक्षता विभागातल्या इतर रुग्णांच्या घशाचे आणि जांघेचे स्वॅब नियमितपणे घेतले जात होते आणि त्यांत हा जीवाणू आढळला नाही. १५ जुलै रोजी तिला घरी सोडण्यात आले. तोवर दुसऱ्या कुणातही क्लेबसिएला सापडलेली नव्हती.

पेच

५ ऑगस्ट रोजी, म्हणजे ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी, अतिदक्षता विभागातील दुसऱ्या एका रुग्णाच्या श्वासनलिकेतील स्रावात केपीसी असलेली क्लेबसिएला वाढली. दहा दिवसांतच तिसरा रुग्ण आला, पाठोपाठ चौथा. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत साधारण दर आठवड्याला एक नवा रुग्ण, या गतीने साथ चालू राहिली.

पेच असा होता की पहिली रुग्ण आणि दुसरा रुग्ण यांच्यात दुवाच दिसत नव्हता. ती कधीच निघून गेली होती, आणि मधल्या तीन आठवड्यांत कोणाचाही नमुना पॉझिटिव्ह आला नव्हता. मग हा तिचाच जीवाणू मानायचा, की दुसऱ्या कुठून तरी स्वतंत्रपणे आलेला? जीवाणूंची ओळख पटवण्याची त्या वेळची नेहमीची पद्धत म्हणजे डीएनएचे तुकडे करून जेलवर उमटणारे पट्टे पाहणे. ती येथे अपुरी पडली. केपीसी क्लेबसिएलाचे एसटी २५८ हे एकच घराणे तेव्हा अमेरिकाभर पसरलेले होते. दोन रुग्णांतले जीवाणू त्या घराण्यातले निघाले, तरी ते एकमेकांकडूनच आले असे त्यावरून सिद्ध होत नव्हते.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. जीवाणू स्वतंत्रपणे आलेला असेल, तर दाखल होणाऱ्या रुग्णांवर लक्ष द्यायचे. पहिल्या रुग्णाचाच असेल, तर तो तीन आठवडे आत कुठेतरी दडून होता, आणि आपली तपासणी त्याला पाहू शकली नव्हती, हे मान्य करून त्या तपासणीचीच फेरतपासणी करायची. दोन्ही उत्तरांतून निघणारी कामे वेगळी होती.

समोरचे पर्याय

अशा क्षणी रुग्णालयापुढे साधारण चार वाटा असतात. ऑगस्टमध्ये त्यांतली कोणती वाट काय देऊ शकत होती, हे पाहिले की पुढचे निर्णय नीट समजतात.

पहिली वाट म्हणजे सापडलेल्या रुग्णांना अलग करणे, हातांची स्वच्छता कडक करणे आणि पुढचा क्लिनिकल नमुना काय सांगतो त्याची वाट पाहणे. ही स्वस्त आहे, कामात फार अडथळा आणत नाही आणि बऱ्याच रुग्णालयांत नकळत हीच निवडली जाते. तिचा दोष हा की जीवाणू पुढे असतो आणि रुग्णालय त्याच्या मागे. आजारी पडलेला प्रत्येक रुग्ण दिसतो तेव्हा त्याच्यामागे न दिसलेले वाहक किती आहेत, याचा अंदाजही येत नाही.

दुसरी वाट स्क्रीनिंग अतिदक्षता विभागापुरते वाढवण्याची, तिसरी ते सगळ्या रुग्णालयाला लागू करण्याची. या दोहोंच्या बाजूने बोलणारा पुरावा २०११मध्ये उपलब्ध होता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, २००९च्या मार्चमध्ये दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले होते की लक्षात न आलेले रुग्ण सापडल्यास जोखमीच्या विभागांतील सर्वांची एकाच वेळी तपासणी करून वाहक शोधावेत. त्याहून ठळक उदाहरण इस्रायलचे होते. तेथे ३१ मार्च २००७पर्यंत २७ रुग्णालयांत मिळून १,२७५ रुग्ण कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या या गटाच्या जीवाणूने बाधित झाले होते. आरोग्य मंत्रालयाने सर्व रुग्णालयांना वाहकांचे विलगीकरण, त्यांच्यासाठी स्वतंत्र परिचारिका आणि दैनंदिन अहवाल सक्तीचे केले. दर १ लाख रुग्णदिवसांमागे (एका रुग्णाचा रुग्णालयातला एक दिवस म्हणजे एक रुग्णदिवस) महिन्याला ५५.५ नवे रुग्ण हे प्रमाण मे २००८पर्यंत ११.७वर आले. म्हणजे वाहक शोधून त्यांना खरोखर वेगळे ठेवल्यास ही साथ मागे हटते, हे दिसले होते.

चौथी वाट विभाग बंद करण्याची. ज्या रुग्णालयात येणाऱ्याला दुसरीकडे उपचारच उपलब्ध नाहीत, तेथे हा निर्णयही कुणाच्या तरी जिवावर बेततो. त्यामुळे ती वाट कागदावर वाटते तितकी सुरक्षित नाही.

स्क्रीनिंग वाढवण्याविरुद्ध जे म्हटले जाते, तेही येथे नोंदवले पाहिजे, कारण ते सगळे आळसापोटी म्हटले जात नाही. प्रत्येक स्वॅब म्हणजे परिचारिकेचा वेळ, प्रयोगशाळेतील जागा आणि रुग्णाचा संकोच. पॉझिटिव्ह आलेला रुग्ण एकटा पडतो. गाऊन चढवण्याचा त्रास टाळण्यासाठी त्याच्या खोलीत लोक कमी वेळा डोकावतात, त्याची चालण्याची तालीम लांबते, नातेवाईक बिचकतात. ज्या अहवालावरून पुढे काहीच करायचे नाही, असा अहवाल गोळा करणे निरर्थक आहे. तेव्हा स्क्रीनिंग वाढवायचे की नाही, हा प्रश्न विचारताना पॉझिटिव्ह रुग्णाला ठेवायला जागा आणि सांभाळायला माणसे आहेत का, हा प्रश्न आधी सुटलेला असावा लागतो.

प्रत्यक्ष कृती

क्लिनिकल सेंटरने वाट पाहण्याचा पर्याय घेतला नाही. मात्र उपाय एकदम सगळे झाले नाहीत. साथ पुढे सरकत गेली तसे ते एकावर एक चढत गेले, आणि माझ्या मते या प्रकरणातला शिकण्याजोगा भाग याच क्रमात आहे.

अतिदक्षता विभागात पॉझिटिव्ह रुग्णांना एका बाजूला आणले गेले आणि पुढे त्यांचा भाग वेगळा करण्यासाठी चक्क भिंत उभारण्यात आली. त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी वेगळे नेमले गेले, म्हणजे एकच परिचारिका एका पाळीत दोन्हीकडे हात लावणार नाही. खोलीत शिरणारा प्रत्येकजण गाऊन व हातमोजे घालतो का, हात धुतो का, हे पाहण्यासाठी चोवीस तास निरीक्षक बसवले गेले. वरिष्ठ डॉक्टरला हात धुवायची आठवण कनिष्ठ कर्मचारी सहसा करून देत नाहीत. त्या कामासाठीच नेमलेला माणूस दारात उभा असला की हा संकोच संपतो, म्हणून हा उपाय वरवर अवमानकारक वाटला तरी मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो.

स्वच्छतेच्या बाजूने खोल्या पुन्हा पुन्हा धुतल्या गेल्या आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडणारी यंत्रे लावून निर्जंतुक करण्यात आल्या. भोवतालच्या वस्तूंचे नमुने घेतले तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. वॉश-बेसिनच्या निचरा नळ्यांमध्ये हा जीवाणू सापडला आणि काही ठिकाणी नळकाम काढून टाकावे लागले. त्याहून अस्वस्थ करणारा नमुना एका व्हेंटिलेटरचा होता: तो यंत्रभाग ठरलेल्या पद्धतीने स्वच्छ करून झाल्यावरही त्यावर क्लेबसिएला वाढली. ‘स्वच्छ केले’ अशी नोंद असलेली वस्तू स्वच्छ असतेच, हे गृहीतक तेथे संपले.

स्क्रीनिंगमध्ये दोन बदल झाले. पहिला नमुन्याच्या जागेचा. घसा आणि जांघ यांच्या जोडीला गुदद्वाराभोवतीच्या त्वचेचा स्वॅब सुरू झाला. क्लेबसिएलाचे मूळ ठिकाण आतडे आहे. जे वाहक घशात आणि जांघेत निगेटिव्ह येतात, ते या स्वॅबमध्ये सापडू शकतात. स्वॅब आत न घालता बाहेरच्या त्वचेवरून घेण्यालाही कारण आहे. ज्यांच्या पांढऱ्या पेशी फार घटल्या आहेत, अशा रुग्णांत आतल्या नाजूक आवरणाला ओरखडा गेला तर तेथूनच जीवाणू रक्तात शिरण्याची भीती असते, आणि या रुग्णालयात असे रुग्ण पुष्कळ होते. दुसरा बदल व्याप्तीचा. अतिदक्षता विभागाबाहेरही बाधित रुग्ण आढळल्यावर तपासणी सगळ्या रुग्णालयात नेण्यात आली.

प्रयोगशाळेत अशा स्वॅबचे काय होते, हेही थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या निर्णयांना लागणारा वेळ त्यावरून ठरतो. सीडीसीने सुचवलेल्या पद्धतीत स्वॅब पोषक द्रवात बुडवून त्यात कार्बापेनेम औषधाची छोटी चकती टाकतात. रात्रभरात औषधाला दाद न देणारे जीवाणूच तेवढे वाढतात. दुसऱ्या दिवशी तो द्रव प्लेटवर पसरतात आणि तिसऱ्या दिवशी संशयित वसाहती ओळखून खात्री करतात. रंग बदलणाऱ्या विशेष प्लेट वापरल्यास एखादा दिवस वाचतो, पीसीआरने काही तासांत उत्तर मिळते, पण खर्च वाढतो. थोडक्यात, साध्या कल्चरवर अवलंबून असलेल्या विभागाला आज घेतलेल्या स्वॅबचे उत्तर परवा मिळते, आणि मधल्या काळात रुग्णाला कसे वागवायचे हे आधी ठरलेले नसेल तर तो काळ जीवाणूला मोकळा मिळतो.

जनुकक्रमाने काय सांगितले

याच संस्थेच्या आवारात मानवी जनुकसंशोधनाची संस्था आहे. तेथील ज्युली सेग्रे आणि इव्हान स्निटकिन यांनी रुग्णालयातील संसर्गनियंत्रणाचे काम पाहणाऱ्या टारा पामोर, डेव्हिड हेंडरसन आदींच्या साथीने बाधित रुग्णांतील जीवाणूंचा संपूर्ण जनुकक्रम वाचला. सुमारे ६० लाख अक्षरांच्या त्या क्रमात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना इनमिन काही अक्षरे बदललेली असतात. हे सूक्ष्म बदल आणि कोणता रुग्ण कोणत्या दिवशी कोठे होता याच्या नोंदी एकत्र मांडल्यावर जो नकाशा तयार झाला, त्याने आधीचे बरेच अंदाज मोडीत काढले.

साथ पहिल्या रुग्णापासूनच सुरू झाली होती. बाहेरून नवा जीवाणू आलेला नव्हता. इतकेच नव्हे, तर तिच्याकडून तो इतरांकडे तीन वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे गेला होता. तिच्या शरीरातील निरनिराळ्या जागांवरच्या नमुन्यांत जीवाणूचे किंचित वेगळे प्रकार होते, म्हणून हे तीन प्रवास वेगळे ओळखता आले. याचा अर्थ असा की विलगीकरणाचे कुंपण एकदा अपघाताने फाटले, असे म्हणून भागत नव्हते.

रुग्ण ज्या क्रमाने पॉझिटिव्ह आढळले, त्या क्रमाने ते बाधित झालेले नव्हते, हेही या नकाशातून कळले. काही रुग्ण आधी बाधित होऊन आठवडे न् आठवडे गप्प वाहक राहिले होते, आणि त्यांच्याकडून बाधा झालेले लोक त्यांच्याआधी आजारी पडून सापडले. पहिल्या रुग्णाचे घरी जाणे आणि ५ ऑगस्ट यांच्यातली तीन आठवड्यांची रिकामी जागा अशाच मूक वाहकांनी भरलेली होती. अतिदक्षता विभागाचे सगळे अहवाल निगेटिव्ह येत होते, तेव्हा तो जीवाणू तिथल्याच रुग्णांत होता.

निष्पत्ती

२०११च्या अखेरीपर्यंत १८ रुग्ण बाधित झाले. त्यांतले ११ दगावले. त्यांपैकी ६ मृत्यू या संसर्गामुळे झाले, उरलेले मूळ आजारांनी, असे रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ठरवले. उपचारात कोलिस्टिन वापरावे लागले आणि साथीच्या ओघात त्यालाही न जुमानणारे जीवाणू दिसू लागले. वर्ष सरताना प्रसार आटोक्यात आला. तो नेमक्या कोणत्या उपायाने आला, हे सांगता येत नाही, कारण उपाय एकत्र चालू होते. भिंत, निरीक्षक, पेरॉक्साइड आणि रुग्णालयभरची तपासणी यांचे श्रेय वेगवेगळे वाटून देणारे कोणतेही विवेचन मी सावधपणेच वाचीन.

प्रकरण तेथे संपले नाही. २०१२च्या एप्रिलमध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या गुंतागुंतीसाठी आलेला एक तरुण रुग्ण येथेच बाधित झाला आणि सप्टेंबरमध्ये मरण पावला. एकूण मोजणीत तो एकोणिसावा रुग्ण होता. साथ आटोपल्यानंतरही वाहक रुग्ण पुढच्या उपचारांसाठी परत परत येत राहतात. त्यामुळे ‘शेवटचा रुग्ण’ ही तारीख नेहमी तात्पुरतीच असते.

जनुकक्रमाचा अभ्यास ऑगस्ट २०१२मध्ये सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि बहुतेक लोकांना ही साथ तेव्हाच, म्हणजे ती सुरू झाल्यानंतर सुमारे एक वर्षाने, कळली. संशोधनाची वाहवा झाली आणि त्याच आठवड्यात, आम्हाला आधी का सांगितले नाही, असा प्रश्नही विचारला गेला.

निर्णयबिंदू आणि वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू जूनमधला आहे: कोणत्या जागेचा स्वॅब घ्यायचा. घसा आणि जांघ या जागा सोयीच्या आहेत, रुग्ण हरकत घेत नाही आणि इतर काही जीवाणूंसाठी त्या वापरल्या जातात. परंतु आतड्यात राहणाऱ्या जीवाणूचा शोध घेताना आतड्याच्या जवळची जागा सोडणे महागात पडते, आणि या प्रकरणात ती जागा तपासणीत आली तोवर साथ रुजली होती. पहिल्या दिवसापासून गुदद्वाराजवळचा स्वॅब घेतला असता तर साथ टळली असती, असे ठामपणे म्हणता येणार नाही. एकच स्वॅब निगेटिव्ह येऊनही रुग्ण वाहक असू शकतो, विशेषतः जीवाणूंची संख्या कमी असताना. प्रतिजैविके चालू झाली की इतर जीवाणू मरतात, हा वाढतो आणि पुढच्या स्वॅबमध्ये दिसतो. म्हणून जागा योग्य असली तरी स्वॅब ठरावीक अंतराने पुन्हा घ्यावाच लागतो.

दुसरा निर्णयबिंदू १५ जुलैचा आहे, आणि मला तो सर्वांत कळीचा वाटतो, कारण त्या दिवशी निर्णय घ्यायची वेळ आली आहे असे कुणाला वाटण्याचे कारणच नव्हते. धोक्याचे उगमस्थान घरी गेले, सगळे अहवाल निगेटिव्ह, म्हणजे विषय संपला. वास्तविक त्या दिवशी ज्यांचा मुक्काम तिच्या मुक्कामाशी थोडाही जुळला होता, अशा सर्वांची यादी करून त्यांचे स्वॅब पुढील काही आठवडे घेत राहणे, ते दुसऱ्या वॉर्डात गेले असतील तर तेथेही घेणे, हे करण्यासारखे होते. संपर्कातील रुग्णाची तपासणी मूळ रुग्ण गेल्यावर थांबवू नये. तिची मुदत शेवटच्या संपर्कापासून मोजावी. आज मागे वळून हे सोपे वाटते. जुलै २०११मध्ये ज्या रुग्णालयाने नियमांहून अधिक केले होते, त्याला आणखी काही करायचे राहिले आहे असे सांगणे सोपे गेले नसते.

तिसरा मुद्दा व्याप्तीचा. रुग्णालयभर तपासणी व्हायला अतिदक्षता विभागाबाहेरचा रुग्ण सापडावा लागला. गंभीर रुग्ण वॉर्डांमधून अतिदक्षता विभागात आणि तेथून परत वॉर्डांत जात-येत असतात, त्यामुळे जीवाणूला विभागाची हद्द नसते. ५ ऑगस्टला, पहिल्या रुग्णाशी दुवा न लागणारा रुग्ण सापडल्याबरोबर, सर्व वॉर्डांची एकदाच एका दिवशी तपासणी केली असती तर मूक वाहकांचा नकाशा कित्येक आठवडे आधी हाती आला असता. दुवा न सापडणे हाच दुवा कुठेतरी दडला असल्याचा पुरावा मानायला हवा होता, आणि सीडीसीचे २००९चे मार्गदर्शनही याच दिशेने बोट दाखवत होते.

जनुकक्रमाबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. या प्रकरणाची ख्याती त्या तंत्रामुळे झाली आणि ते योग्यच आहे. परंतु त्या नकाशाने जी कृती सुचवली, म्हणजे मूक वाहक शोधा, उपकरणांवर भरवसा ठेवू नका, विलगीकरण प्रत्यक्षात पाळले जाते का ते पाहा, ती सगळी जनुकक्रमाविनाही करता येणारी होती. तंत्राने शंका फिटली आणि प्रशासनाला कठोर पावले उचलायला बळ मिळाले, हा त्याचा खरा उपयोग.

राहिला माहिती उघड करण्याचा प्रश्न. त्या रुग्णालयात दाखल होऊ पाहणाऱ्या रुग्णाला तेथे साथ चालू आहे हे कळणे त्याच्या निर्णयासाठी आवश्यक होते, आणि भोवतालच्या रुग्णालयांना ते कळणे त्यांच्या स्क्रीनिंगसाठी. न्यूयॉर्कच्या रुग्णालयाने कागदावर लिहिले म्हणून क्लिनिकल सेंटरला पहिल्याच दिवशी सावध होता आले. तीच सोय पुढच्याला मिळावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हती.

आपल्या रुग्णालयांच्या संदर्भात

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या अतिदक्षता विभागाला जसेच्या तसे लागू करता येत नाही. बेथेस्डात जीवाणू एका रुग्णाबरोबर आला आणि त्याचा माग काढता आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या जाळ्यातील रुग्णालयांच्या अलीकडच्या अहवालांनुसार क्लेबसिएलाच्या निम्म्याहून कमी नमुन्यांवर इमिपेनेम हे कार्बापेनेम औषध चालते. आपल्याकडे त्यामागे केपीसीऐवजी प्रामुख्याने एनडीएम आणि ऑक्सा-४८ गटातली विकरे असतात, त्यामुळे केवळ केपीसी शोधणारी चाचणी येथे बरेच काही हुकवील. जेथे दाखल होणाऱ्यांतच वाहक नियमितपणे असणार, तेथे जीवाणूला दाराबाहेर ठेवणे हे स्क्रीनिंगचे उद्दिष्ट असू शकत नाही. विभागात एकाकडून दुसऱ्याकडे होणारा प्रसार कमी करणे, एवढे ते असू शकते, आणि तेही कमी नाही.

म्हणून सरसकट सर्वांचे स्वॅब घेण्याऐवजी निवड करावी लागेल: दुसऱ्या रुग्णालयातून किंवा नर्सिंग होममधून हलवलेले, अलीकडे अतिदक्षता विभागात राहून आलेले, आणि केमोथेरपी किंवा प्रत्यारोपणाला सामोरे जाणारे. स्वॅबचा खर्च रुग्णाच्या बिलात लावायचा की संसर्गनियंत्रणाचा खर्च म्हणून रुग्णालयाने उचलायचा, हे आधी ठरवावे. फायदा शेजारच्याचा असताना बिल याचे, हे नातेवाइकांना पटवणे कठीण जाते आणि ते कठीण जावे हे रास्तही आहे. पॉझिटिव्ह अहवालाच्या आधारे रुग्णाला दाखल करून घेण्यास नकार देण्याची पळवाट तर आरंभीच लेखी बंद करावी, नाहीतर पाठवणारी रुग्णालये कल्चरचा अहवाल फाइलमधून गाळू लागतील आणि बेथेस्डाला मिळालेली पहिल्या दिवसाची सूचनाही आपल्याला मिळणार नाही.

स्वतंत्र खोली नसलेल्या विभागात अहवाल येईपर्यंतचे दोन-तीन दिवस अशा रुग्णाला रांगेच्या टोकाची खाट द्यावी, त्याचा स्टेथोस्कोप, रक्तदाबाचा पट्टा आणि थर्मामीटर त्याच खाटेला बांधून ठेवावेत, त्याला शक्यतो ठरावीक परिचारिकेकडे सोपवावे आणि खाटेच्या पायथ्याशी हात स्वच्छ करण्याचे द्रावण ठेवावे. त्याच्यानंतर व्हेंटिलेटर दुसऱ्याला लावण्यापूर्वी त्याची स्वच्छता झाल्याची सही कोणी करायची, त्या व्यक्तीचे नाव पाळीच्या तक्त्यावर असावे.